माझ्या नावाचं क्वार्टर

बाबा गेले त्या आठवड्यात माझ्या शबनम पिशवीत कॉलेजच्या लायब्ररीचं एक जाड पुस्तक होतं आणि ते परत करायची मुदत उलटून चालली होती. घरात माणसं येत होती, जात होती. शेजारच्या सोनी आंटी थर्मास भरभरून चहा आणत होत्या, आई भिंतीला टेकून बसली होती, आणि मी निर्लज्जासारखी आतल्या खोलीत पाय पोटाशी घेऊन वाचत होते. कुणी डोकावलं की पुस्तक मांडीखाली. त्यात नऊ वर्षांच्या एका राजाची हकीकत होती, इंग्लंडच्या सहाव्या एडवर्डची. त्याचा बाप मेला तेव्हा दरबाराने तीन दिवस ती बातमी दडवून ठेवली. मग मामा घोड्यावर बसून गेला, पोराला त्याच्या बहिणीपाशी नेलं आणि दोघांना एकदमच सांगितलं. दोघं इतकी रडली की नोकरमाणसंही रडायला लागली. त्या पानावर मला रडू आलं. बाबांसाठी तोवर आलं नव्हतं. सोनी आंटींना हायसं वाटलं. "रो ले बेटा, रो ले," म्हणत त्यांनी माझं डोकं कुशीत ओढलं, आणि पुस्तकाचा कोपरा त्यांच्या पोटात टोचला.

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते, विषय इतिहास. त्या पोरक्या राजाच्या राज्याची पहिली दोन-तीन वर्षं हा माझा निबंध होता, वर्गापुढे उभं राहून वाचायचा. विषय मिस भल्लांनी दिला होता. मिस भल्ला आम्हाला शिकवायच्या, जाड भिंगांचा चष्मा, हिवाळाभर एकच तपकिरी शाल, आणि पोरींना घाम फोडणारे प्रश्न. "तारखा कुणीही पाठ करेल," त्या म्हणायच्या. "मला एवढंच सांग, राजा कौन था? मुकुट एकाच्या डोक्यावर, हुकूम दुसऱ्याचा. मग राजा कोण?" मला उत्तर येत नव्हतं, पण प्रश्न आवडला होता. निबंध चांगला झाला तर एम.ए.ला आपल्या हाताखाली घेईन असं त्या एकदा बोलून गेल्या होत्या, आणि त्या एका वाक्यावर मी पुढचं सगळं आयुष्य बांधून टाकलं होतं. लेक्चरर व्हायचं, स्वतःची खोली घ्यायची, पुस्तकं जमिनीवर पसरून ठेवायची आणि ती कुणी उचलायची नाहीत. एकोणीस वर्षांच्या पोरीला सुखाची याहून मोठी कल्पना येत नव्हती. खरं तर मला आजही येत नाही.

राजधानीत, आर. के. पुरमच्या सरकारी वसाहतीतलं आमचं क्वार्टर पहिल्या मजल्यावर होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि बाबांनी ताडपत्री लावून बंद केलेला व्हरांडा. सकाळी पाचला दूधबूथवर डबे वाजायचे, त्यानंतर रिजच्या टेकडीवरच्या झाडीतून मोर ओरडायचे, आणि मग बरोबर साडेसहाला खालच्या मजल्यावरच्या सुब्रमण्यम मामी डोशाचा तवा घासायला घ्यायच्या. त्या आवाजाला मी उठायचे. उन्हाळ्यात कूलरच्या वाळ्याचा वास आणि हिवाळ्यात गच्चीवर बाजा टाकून अख्ख्या ब्लॉकच्या बायका मटार सोलायच्या. आईचं हिंदी कच्चं, पण तिथे तिची पत मोठी होती. आई सातवी शिकलेली. हात मात्र असा की एकदा पाहिलेलं काहीही हुबेहूब उतरवायची. सोनी आंटींच्या माहेरचं फुलकारी भरतकाम, मामींची कोलम रांगोळी, कुणाच्या स्वेटरची वीण. बाबा महिन्यातले पंधरा दिवस दौऱ्यावर, तेव्हा माझ्या प्रगतिपुस्तकावर पालकाची सहीसुद्धा तीच ठोकायची, आणि बाबा परत आले की म्हणायचे, "माझ्यापेक्षा झकास आलीय." या घरात मराठी उंबरठ्याच्या आत होतं. बाहेर पाऊल टाकलं की आम्ही सगळेच हिंदीत शिरायचो, आईसुद्धा, अडखळत का होईना.

तेराव्याला आलेले सगळे पाहुणे गेले आणि मधुकाका राहिले. मधुकाका बाबांचे धाकटे भाऊ, साताऱ्याला शाळेत ड्रॉइंगमास्तर, लग्न केलेलं नाही. आधी महिन्याची रजा, मग आणखी एक, आणि मग त्यांनी नोकरीच सोडून दिली. कुणाला विचारलं नाही, सांगितलं फक्त. "वहिनी, घरात पुरुष माणूस पाहिजे," एवढंच. सकाळी सकाळी त्यांच्या गुळण्यांचा आवाज तीन ब्लॉक ऐकू जायचा. ट्रान्झिस्टर छातीवर ठेवून ते बातम्या ऐकायचे. भाज्या ते आणायचे, गॅसचा नंबर ते लावायचे, मामींशी मराठीत बोलायचे आणि मामी त्यांना तमिळमध्ये उत्तर द्यायच्या, दोघांचं बरोबर जमायचं. आईला चार घास खायला कुणी लावलं असेल तर त्यांनी. हे मी आज लिहिते आहे. तेव्हा मला फक्त गुळण्या ऐकू यायच्या.

आता सरकारी घराचा कायदा सांगायला हवा, नाहीतर पुढचं कळायचं नाही. नोकरीत असताना माणूस गेला तर घरच्यांना काही महिने क्वार्टरमध्ये राहता यायचं. तेवढ्या मुदतीत घरातल्या कुणाला त्याच खात्यात त्याच्या जागी नोकरी लागली, तर क्वार्टर त्याच्या नावावर व्हायचं. नाही लागली तर सामान बांधायचं. आमच्याकडे दुसरं छप्पर नव्हतं. साताऱ्याला काकांची एक खोली होती, मोरीसकट. आईच्या माहेरी भावांची नावं घेतली की ती गप्प व्हायची, त्यावरून काय ते समजा. म्हणजे क्वार्टर टिकवायचं तर कुणीतरी बाबांच्या खात्यात जाऊन बसणं भाग होतं, आणि कायद्याला चालणारी माणसं घरात दोनच, आई आणि मी.

एक दिवस जेवताना आई म्हणाली, "मी जाते. सातवीवर शिपायाची जागा देतात म्हणे. सोनीबाईंनी चौकशी केली."

काकांच्या हातातला घास तसाच राहिला. "वहिनी, दादा ज्या साहेबांच्या शेजारी बसायचे, त्यांच्या टेबलावर तुम्ही पाण्याचे ग्लास ठेवणार?"

"त्यात काय. घरी ठेवतेच की."

"अच्छा. आणि लहान क्वार्टर मिळेल त्याचं काय? एका खोलीत तीन माणसं?" मग ते माझ्याकडे वळले. "अंजूला क्लार्कची जागा मिळेल. बारावी झालीय ना, पुरे. हेच क्वार्टर राहील. तिच्या नावावर."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी आमटी ओरपत होते. मला वाटलं होतं की आईने जावं. शपथेवर सांगते, मनात तेच होतं, की जाऊ दे तिला, माझं एम.ए. होईल. पण आई शिपाई, हे कॉलेजात कळलं तर, ही लाजही तिथेच शेजारी होती. दोन्हीतलं एकही मी तोंडाबाहेर काढलं नाही. "बघू," म्हटलं आणि पान उचललं.

त्यानंतर घरात माझा रुबाब वाढला. साय माझ्या वाटीत पडायला लागली. मी अभ्यासाला बसले की ट्रान्झिस्टर बंद व्हायचा. भेटायला आलेल्यांना काका सांगायचे, "आता घर अंजूचं. आम्ही आपले तिच्या आश्रयाला." अर्ज ते लिहायचे, सोनी अंकलच्या मशीनवर टाइप करून आणायचे आणि पेनाचं टोपण काढून माझ्यापुढे धरायचे. "सही कर, बाळ." कुठल्या ऑफिसात कधी जायचं ते ठरवायचे, मी कुठली साडी नेसायची तेही. मी कॉलेजातून यायला अर्धा तास उशीर केला की बसस्टॉपवर मफलर गुंडाळून उभे. मैत्रिणी विचारायच्या, "यार, ये तेरे बॉडीगार्ड हैं क्या?" तिकडे माझ्या पुस्तकातही तेच चाललं होतं. पोरापुढे भले भले सरदार गुडघे टेकत होते आणि त्याला अंगणात जायचं तरी मामाची परवानगी. एकदा गडबड झाली तेव्हा मामाने त्याला उचलून एका किल्ल्यात नेऊन ठेवलं. तिथे बाराव्या वर्षातला तो राजा म्हणाला की मी तुरुंगात आहे असं मला वाटतं, इथे फिरायला बाग नाही, सज्जा नाही. मी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं आणि ताडपत्रीच्या व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. फटीतून फक्त समोरच्या ब्लॉकच्या व्हरांड्यावरची ताडपत्री दिसायची.

थंडी कडाक्याची असताना नेमणुकीचा मेमो आला. पंधरा दिवसांत कळवा, तयार आहात की नाही. माझी परीक्षा एप्रिलमध्ये. मिस भल्लांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मुदतवाढ माग. परीक्षेनंतर हजर होते म्हणून लिही. देतात कधी कधी. तीन महिने मिळाले तर बी.ए. तरी हातात पडेल, पुढचं पुढे." काकांना मी सांगितलं तेव्हा ते बराच वेळ हनुवटी खाजवत बसले. क्वार्टरची मुदत मेपर्यंत होती. मुदतवाढ मिळाली तर सगळं जेमतेम बसत होतं. नाकारली, किंवा फाइल कुठे अडकली, तर नोकरीही जायची आणि घरही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. शेवटी ते म्हणाले, "दोन्ही मसुदे करून ठेवतो. विचार कर, जो हवा त्यावर सही कर. तुझं आयुष्य आहे." हे त्यांचे शब्द आहेत, मी त्यात काडीचीही भर घातलेली नाही.

त्यांनी दोन कागद टाइप करून आणले. एकात, परीक्षेनंतर हजर होण्याची परवानगी मिळावी. दुसऱ्यात, ताबडतोब हजर होण्यास तयार आहे. मी दोन रात्री घालवल्या आणि पहिल्यावर सही केली. कागद पाकिटात घातला, पाकीट चिकटवून देवाजवळ ठेवलं, दुसरा बिनसहीचा कागद टेबलाच्या खणात टाकला. सोमवारी सकाळी मी कॉलेजात गेले. आईने देवाजवळचं पाकीट उचलून काकांच्या हातात दिलं, आणि काकांनी ते ऑफिसात नेऊन पोचवलं. संध्याकाळी मी विचारलं, "दिलं?" "दिलं," ते म्हणाले. "पोचही घेतली." त्या आठवड्यात मी जेवढं लिहिलं तेवढं आजवर कधी लिहिलं नाही. निबंधाची तेवीस पानं झाली.

पुढच्या आठवड्यात पत्र आलं, अमुक तारखेला हजर व्हा. माझी विनंती फेटाळली असं मी धरून चालले. रडले नाही. मिस भल्लांना जाऊन सांगितलं आणि लायब्ररीत पुस्तक परत केलं. हजर व्हायच्या दिवशी काका माझ्याबरोबर ऑफिसात आले, हातात डबा, आणि बाहेर कॉरिडॉरमधल्या बाकावर बसले. आत सेक्शन ऑफिसर चोप्रासाहेब बसले होते. बाबांना ओळखणारे, सज्जन माणूस, टेबलावर काचेखाली देवीचं चित्र. त्यांनी मला एका कागदावर नमुन्याच्या तीन सह्या करायला सांगितल्या. माझा हात थंडीने आखडला होता आणि सह्या वेड्यावाकड्या आल्या. त्यांनी फाइल उघडली, मागचं पान काढलं आणि दोन्ही शेजारी ठेवून बघत राहिले.

"बेटी, यहाँ तो बड़े साफ़ साइन हैं. आज क्या हो गया?"

मी वाकून पाहिलं. तो दुसरा कागद होता. ताबडतोब हजर होण्यास तयार आहे. खाली माझं नाव, माझ्या वळणाचं, माझ्याहून नीटस. शेवटच्या अक्षराची शेपटी मी घाईत ओढते तशीच ओढलेली, पण घाई नसलेल्या हाताने.

चोप्रासाहेबांनी चष्मा काढला. आवाज खाली आणून म्हणाले, "देखो, डरो मत. ये साइन तुम्हारे ही हैं न? नहीं हैं तो अभी बता दो. फ़ाइल वापस जाएगी, इन्क्वायरी होगी, जिसने किए हैं वो भुगतेगा. मगर हाँ, मकान का फिर मैं कुछ नहीं कह सकता."

काचेच्या दारातून मला मधुकाकांचा मफलर दिसत होता. बाबांना खांदा देणारा, नोकरी सोडून आलेला हा माणूस, याने माझा कागद बदलला. ड्रॉइंगमास्तरच तो, त्याला एका सहीचं काय. मनात आलं, म्हणावं नाही. नाही म्हटलं की काका पोलिसात, आई रस्त्यावर, आणि मी मोकळी. मोकळी कुठे जाणार होते कोण जाणे, पण मोकळी. पुस्तकातल्या त्या पोराने शेवटी मामाच्या मृत्युदंडाला हरकत घेतली नाही. वहीत मी तिथे त्याला क्रूर म्हणून खूण केली होती.

"जी," मी म्हटलं. "मेरे ही हैं."

चोप्रासाहेबांनी चष्मा पुन्हा लावला आणि मला माझं टेबल दाखवलं. खिडकीकडे पाठ असलेलं. बाबांचं टेबल तीन रांगा पुढे होतं, तिथे आता दुसरं कुणी बसत होतं.

संध्याकाळी घरी आले तर काका व्हरांड्यात वर्तमानपत्र अंथरून पाटी रंगवत होते. पांढऱ्यावर काळ्या अक्षरांत, कु. अंजली वि. सप्रे. इंग्रजीत आणि खाली देवनागरीत. मोठ्या सुबक अक्षरात. "पहिला हात झाला," ते खुशीत म्हणाले. "उद्या दुसरा दिला की दहा वर्षं बघायला नको." आई स्वयंपाकघरात भाजणी भाजत होती, तो खमंग वास सगळ्या घरात होता. त्या वासाने माझं डोकं आणखी फिरलं. मी पर्ससुद्धा खाली ठेवली नाही.

"तो कागद कुणी दिला ऑफिसात?"

"कुठला कागद?"

"ताबडतोब हजर होते म्हणणारा. माझी सही करून. मी आज बघितला. साहेबांनी विचारलं, मी माझीच सही म्हणून सांगितलं. तुमच्यासाठी खोटं बोलले मी, कळलं? आयुष्य तुझं आहे म्हणालात ना?"

ब्रश त्यांच्या हातात होता. ते काही बोलायला गेले. मग त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. आत उलथन्याचा आवाज थांबला होता. मग तो परत सुरू झाला, हळूहळू, एका लयीत. काकांनी ब्रश टर्पेंटाइनच्या वाटीत ठेवला आणि फडक्याला एकेक बोट पुसलं.

"बोला ना," मी म्हटलं. "हे घर आता माझ्या नावावर होणार, तुम्हीच सगळ्यांना सांगता. मग मी सांगते. माझ्या घरात मला तुम्ही नको आहात."

असं वाक्य तोंडातून गेलं की परत येत नाही. मी ते एकोणिसाव्या वर्षी बोलले आणि मला फार मोकळं वाटलं, त्याची मला आज लाज वाटते. काका म्हणाले, "बरं." मग म्हणाले, "पाटीला दुसरा हात तेवढा देऊन घ्या कुणाकडून तरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने त्यांना तिखटमिठाच्या पुऱ्या बांधून दिल्या. मी ऑफिसच्या चार्टर्ड बसच्या रांगेत उभी होते, तेव्हा त्यांची रिक्षा रस्त्यावरून गेली. त्यांनी हात बाहेर काढला होता. मी पुढच्या बाईच्या वेणीकडे बघत राहिले. त्या राजाने आपल्या रोजनिशीत मामाच्या शिरच्छेदाची नोंद केली आहे, सकाळी आठ ते नऊच्या दरम्यान डोकं उडवलं, बस, पुढे एक अक्षर नाही. त्या सकाळी मला ते क्रूर नाही, फार बाणेदार वाटलं. ऑफिसात पोचल्यावर मी वही काढली आणि लिहिलं, "आज सकाळी आठ ते नऊच्या दरम्यान मधुकाका गेले." तीच माझ्या नोकरीतली पहिली नोंद.

त्यानंतर चाळीस वर्षं गेली, आणि ती कशी गेली ते सांगण्यासारखं फार नाही. बी.ए. मी नोकरी करता करता टपालाच्या कोर्सने पुरं केलं, एम.ए. केलंच नाही. दोन-तीन स्थळं आली. प्रत्येकाने आडून आडून विचारलं की लग्नानंतर आई कुठे राहणार. नोकरी सोडून सासरी जायचं तर क्वार्टर जाणार, नवरा क्वार्टरवर यायचा तर त्याच्या घरच्यांना कमीपणा. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना, तशी गत. आईने एकदाही मला "लग्न कर" म्हटलं नाही आणि "करू नको" असंही नाही. प्रमोशनं झाली, मोठं क्वार्टर मिळत होतं, आईला हेच हवं होतं. पाटीला दुसरा हात कुणी दिला नाही. अक्षरं उडत उडत गेली, शेवटी फक्त सप्रे उरलं. काकांची पत्रं यायची आईच्या नावाने, शेवटी एक ओळ, अंजूस आशीर्वाद. मी उत्तर लिहिलं नाही. ते गेल्याची तार आली तेव्हा रजा मिळत नाही असं मी कळवलं. रजा मिळाली असती. चोप्रासाहेबांनी हाताला धरून पाठवलं असतं.

गेल्या महिन्यात मी निवृत्त झाले. फरीदाबादला दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला आहे, तळमजला, आईच्या गुडघ्यांसाठी. क्वार्टर सोडल्याचा अर्ज भरायचा होता. दुपारी टेबलाशी बसून मी भरत होते, आई समोर मेथी निवडत होती. त्र्याऐंशी वर्षांची आहे, ऐकू कमी येतं, डोळे ठणठणीत. मी सही केली. जोरात केली, कागद फाटला. दुसरा फॉर्म घेतला. आई मान वळवून बघत होती.

"तुझी सही अजून गिचमिडच," ती म्हणाली. "मी तुझ्यापेक्षा बरी केली होती."

माझ्या हातातलं पेन थांबलं. "कधी?"

"तेव्हा. तो ऑफिसचा कागद." मेथीचं एक पान खुडून तिने ताटात टाकलं. "खणात होता. तू कॉलेजात गेलीस, मी पाकीट उघडलं, कागद बदलला, भाताने चिकटवलं."

पंखा चालू होता, मी तो बंद केला. मला नीट ऐकायचं होतं. "काकांना माहीत होतं?"

"पाकीट नेलं तेव्हा नाही. तू ओरडलीस तेव्हा कळलं असेल."

"आणि तू भाजणी भाजत राहिलीस."

"हो."

"आई, मी त्यांना घालवून दिलं. तुला एक शब्द बोलता आला नाही?"

तिने मेथी बाजूला ठेवली. तिचा आवाज चढला नाही, रडवेलाही झाला नाही. "त्यांना साताऱ्याला खोली होती, अंजू. मला घालवलं असतंस तर मी कुठे गेले असते?" मग म्हणाली, "मी जाते म्हटलं होतं शिपाई म्हणून. तू आमटी पीत राहिलीस."

मला तिचा राग आला. चाळीस वर्षं. त्या एका सहीत माझं कॉलेज, एम.ए., जमिनीवर पसरलेली पुस्तकं, सगळं गेलं, आणि मी बदला घेतला तो पुऱ्या घेऊन निघून गेलेल्या माणसाचा. आणि त्याच वेळी मला ती आमटीही आठवत होती, तिची चवसुद्धा, चिंच जरा जास्त झाली होती. मिस भल्लांचा प्रश्न इतक्या वर्षांनी सुटला. या घरात राजा कोण होतं ते मला कळलं. जिला जायला दुसरी जागा नव्हती, ती.

मी आत जाऊन जुनी वही काढली. ती ओळ वाचली. खाली लिहावं म्हटलं, मधुकाका, माझं चुकलं. लिहिलं. ते वाचायला कुणी नाही, तरी लिहिलं. मग बाहेर आले. आई पुन्हा मेथी निवडत होती, पण तिचे हात नुसतेच काड्या इकडून तिकडे करत होते. मी कोरा फॉर्म तिच्यासमोर ठेवला आणि पेनाचं टोपण काढून तिच्यापुढे धरलं.

"कर," म्हटलं.

"काय?"

"सही. तूच मला आत घातलंस, तूच बाहेर काढ."

तिने माझ्याकडे पाहिलं, चेष्टा आहे का ते बघायला. मग ओले हात पदराला पुसले, चष्मा सावरला, आणि ओठ दाताखाली धरून माझं नाव लिहिलं. हात थरथरत होता, पण अक्षर तेच आलं. शेवटची शेपटीसुद्धा. लिहून झाल्यावर तिने कागद लांब धरून पाहिला.

दुसऱ्या दिवशी तो अर्ज घेऊन मी कचेरीत गेले. खिडकीवर तिशीतली एक मुलगी होती, कानात इयरफोन, समोर कॉम्प्युटर. तिने माझ्या जुन्या रेकॉर्डवरची सही काढली, अर्जावरची पाहिली, आणि कानातला एक इयरफोन बाहेर काढला.

"मॅम, ये थोड़े अलग लग रहे हैं. आपके ही साइन हैं न?"

"जी," मी म्हटलं. "मेरे ही हैं."